पायातली फीत

भिंतीवरचा आलेख करवतीच्या दातांसारखा होता. आठ दिवस चढण, मग एका दुपारी धाडकन घसरण. पुन्हा चढण, पुन्हा घसरण. असे चार दात.

"हे तुमच्या नातीचं वजन," डॉ. आवटी म्हणाले. "अडतीस दिवसांचं. आणि ही केंद्रातली बाकीची बाळं." त्यांनी बोट हलवलं तशा भिंतीवर वीसेक रेषा उमटल्या. सगळ्या शहाण्यासारख्या तिरप्या वर जाणाऱ्या. तीन-चार रेषांनी तर मध्येच एकेक चांगली उडी मारलेली. "फरक दिसतोय ना?"

न दिसायला प्राजक्ता तारळेकर काही आंधळ्या नव्हत्या. तीस वर्षं बालवाडी चालवलेली बाई. सांगलीतल्या निम्म्या पोरांच्या नाकाचा शेंबूड त्यांनी पुसलेला, आणि ती पोरं बाप्ये झाली तरी त्यांना प्राजूताईच म्हणायची. समोरच्याला वाईट बातमी द्यायची असली की माणूस आधी चित्र दाखवतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पालकसभेत त्या स्वतः तेच करायच्या.

"चित्रं राहू द्या डॉक्टर. काय ते सांगून टाका."

आवटींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. 'उबारा' नवजात संगोपन केंद्राचे ते प्रमुख. माणूस सज्जन, पण सज्जन माणसाला कटू बोलायची वेळ आली की तो जरा जास्तच हळू बोलतो.

"सोमवारपासून गार्गीनं बाळाला छातीशी धरणं थांबवावं, असं आम्ही ठरवलंय."

"का?"

"इथली सगळी बाळं काचेच्या पेटीत असतात. त्यांचं दूध, ऊब, औषध सगळं आमची संगोपिका, म्हणजे यंत्रच, बघते. सगळ्यांना सारखं. आयांचं दूधसुद्धा एकत्र करून वाटलं जातं. वेगळी गोष्ट एकच, ती म्हणजे प्रत्येक आई आपल्या बाळाला रोज सहा तास छातीशी धरते, तो स्पर्श. आणि नेमकं याच बाळाचं वजन पुन्हा पुन्हा घसरतंय. जंतू शोधले, औषधाचा अंश शोधला, काही सापडलं नाही. पण घसरण खरी आहे."

"म्हणजे माझ्या लेकीचा हात लागला की बाळ खंगतं, असं म्हणताय तुम्ही?"

"मी तसं म्हटलेलं नाही."

"मग कसं म्हटलंत ते पुन्हा म्हणा. ऐकते मी."

आवटी टेबलावरचा चष्मा उचलून पुसायला लागले. याचाच प्राजूताईंना जास्त संताप आला, आणि संतापाच्या खाली भीतीही होती. जावई कौस्तुभ समुद्रातल्या पवनचक्क्यांवर पाळीला, पंधरवड्यातून एकदा येणारा. गार्गीजवळ त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. सातव्या महिन्यातच झालेलं बाळ, जन्मतः बाराशे ऐंशी ग्रॅम. बाराशे ऐंशी म्हणजे एक शहाळंही त्याहून जड असतं. अठराशे झालं की घरी, असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मागून आलेली बाळं अठराशेची होऊन झबली-टोपडी घालून गेलीसुद्धा. गार्गीची चिमी आज चौदाशे चाळीसवर.

बाहेर, आया बाळांना छातीशी धरून बसायच्या त्या धरणकक्षात गार्गी तिच्या खुर्चीत बसली होती. या खुर्च्या आपोआप हलक्या झुलायच्या, आईचा श्वास मोजून. तिच्या उघड्या छातीवर चिमी बेडकासारखी पालथी निजली होती. पायात नाव-क्रमांकाची निळी फीत.

"सांगितलं ना त्यांनी?" गार्गीनं विचारलं. "मला सकाळीच सांगितलं."

"त्यांना काय कळतंय! मी बघते."

"बरोबर असेल त्यांचं." गार्गी चिमीच्या पाठीवरून बोट फिरवत होती. "आई, तुला आठवतं, दहाव्या दिवशी मी तुला म्हटलं होतं, ही मला वेगळीच वाटतेय? कानाची पाळी वेगळी, वास वेगळा. मग नंतर पण एकदा वाटलं. दोनदा वाटलं. तू म्हणालीस बाळ रोज बदलतं."

"बदलतंच. तूसुद्धा बदलायचीस. सकाळी आजोबांसारखी दिसायचीस, संध्याकाळी माझ्यासारखी."

"पण परकं वाटतं का कधी, आई? सख्ख्या आईला? ज्या बाईला पोटचं पोर परकं वाटतं, तिच्या हातून ते कसं वाढणार! माझ्यातच काहीतरी कमी आहे."

चार गोड शब्द बोलायला प्राजूताईंनी तोंड उघडलं, पण असंच काहीतरी याआधी कुणीतरी आपल्याला म्हटलंय असं त्यांना वाटलं, आणि कुणी ते आठवेना. "तू धरून बस," एवढंच म्हणून त्या तरातरा जिना चढून गेल्या.

वरच्या मजल्यावर डॉ. तस्नीम मुल्लांची प्रयोगशाळा होती. तस्नीमला प्राजूताई पाच वर्षांपासून ओळखत होत्या. संगोपिका घडवली ती तस्नीमनं, आणि संगोपिका शिकली ती प्राजूताईंच्या बालवाडीत. केंद्राच्या दारावरच्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं. गार्गीला याच केंद्रात आणायचं, हा हट्ट प्राजूताईंचाच. 'माझ्या वर्गात शिकलेलं यंत्र आहे ते,' असं त्या कौतुकानं शेजारणींना सांगायच्या.

"तुझ्या त्या बाईला विचार," त्यांनी दारातूनच फर्मावलं, "माझ्या लेकीबद्दल तिचं काय मत आहे. डॉक्टरांचं मत ऐकून आलेय मी."

मागोमाग आवटीही धापा टाकत आले. तस्नीमनं दोघांना स्टुलं दिली, चहा विचारला, आणि प्राजूताईंच्या चेहऱ्याकडे बघून चहाचा विषय सोडून दिला.

"तिला मत नसतं ताई. पण प्रत्येक आईच्या हाताला ती एक आकडा देते. त्याला आम्ही हातभार म्हणतो. त्या हातात बाळाची वाढ किती होईल, याचा तिचा अंदाज." तिनं पडद्यावर यादी उघडली. "गार्गीचा हातभार सगळ्यांत जास्त आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या दुप्पट."

"घ्या!" आवटी म्हणाले. "म्हणजे यंत्रच चुकतंय. सगळ्यांत वाईट आलेख, आणि सगळ्यांत मोठा आकडा. मुळात खेळणाऱ्या पोरांकडून यंत्राला शिकवायचं, ही कल्पनाच मला कधी पटली नव्हती."

तस्नीमला हे बोलणं नवं नव्हतं. "डॉक्टर, आधी आम्ही तिला दवाखान्यांतलं चित्रण दाखवलं होतं. ती काय शिकली? घाई. नर्सबाई बिचारी एकटी, तिच्या गळ्यात पंधरा बाळं. यंत्र हुबेहूब तिच्यासारखं वागायला लागलं. मग घरांतलं चित्रण मागवलं, तर लोक कॅमेऱ्यासमोर चांगले आई-बाप असल्याचं सोंग करतात."

"आणि पोरं सोंग करत नाहीत?"

"पोरं सोंगच करतात. पण कुणाला दाखवायला नाही. चार वर्षांची पोर बाहुलीला मांडीवर घेते, तेव्हा तिला जसं घेतलं गेलं तसंच ती घेते. त्यात घाई नाही, पगार नाही. नुसतं सांभाळणं. अडचण एकच होती. साध्या बाहुलीला कसंही सांभाळा, ती तेवढीच राहते. सांभाळण्याचा परिणाम कळणार कसा? म्हणून आम्ही वाढबाहुली केली."

वाढबाहुली प्राजूताईंना काय सांगायची! कृत्रिम पेशींच्या जाळीची, मऊ, वीतभर लांबीची. हाताची ऊब लागली की जाळी सैल व्हायची आणि पाजलेलं खळीसारखं पाणी धरून ठेवायची. टाकून दिली की आकसायची. मुलं सकाळी आली की पहिला वजनाचा तास. छोट्या काट्यावर बाहुली ठेवायची आणि ओरडायचं, "ताई, माझं बाळ मोठं झालं!" एरवी चार वर्षांच्या पोराला वाढ म्हणजे काय ते दिसत नाही. स्वतःचे गेल्या वर्षीचे बूट दाखवले तरी त्याला पटत नाही. इथं ते रोज हातात यायचं. मी भरवलं, म्हणून हे वाढलं. वर्गात सोळा पोरं, सोळा बाहुल्या, प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाची फीत. फितीत खूणचकती, म्हणजे कुणाचं बाळ किती वाढलं याची नोंद आपोआप व्हायची.

"दूध किती, ऊब किती, हे नियम तुम्हीच घालून दिलेले आहेत," तस्नीम आवटींना सांगत होती. "ते मोडायची तिला मुभा नाही. बाळाला इजा होईल असं काहीही तिला करताच येत नाही. खेळातून तिनं शिकायचं होतं ते एवढंच, की कुणाला केव्हा कशाची गरज आहे आणि ती कुणाच्या हातून भागेल. उद्दिष्टं दोन. सगळ्या बाळांची मिळून वाढ जास्तीत जास्त व्हावी, आणि रडारड कमीत कमी."

"मग या मुलीला एवढा आकडा कसा दिला?"

"तेच तर." तस्नीम जरा घुटमळली. "असं पूर्वी एकदा झालंय. बालवाडीतच. एका मुलीचा आलेख सगळ्यांत वाईट होता आणि संगोपिकेनं तिला सगळ्यांत जास्त हातभार दिला होता. आम्ही महिनाभर डोकं फोडलं. शेवटी बाकीचे निकाल उत्तम होते म्हणून सोडून दिलं." तिनं जुनी नोंद उघडली. "ही बघा. निळी फीत. साजिरी."

भिंतीवर करवत उमटली. चढण, घसरण. चढण, घसरण.

प्राजूताईंना पहिल्यांदा काही वाटलंच नाही. मग त्या उठून भिंतीजवळ गेल्या. दोन करवती शेजारी शेजारी होत्या आणि त्यांचे दात एकमेकांत बसत होते.

साजिरी. दोन शेंड्या घालणारी, बोलायला मंद, पण हात असा की बघत राहावं. बाहुलीची मान कशी धरायची हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. 'हिच्या हाताला गुण आहे,' प्राजूताई मदतनीस बाईंना म्हणायच्या. आणि तिच्यासमोर बसायचा शौर्य, जो आपलं बाळ खिडकीतून बाहेर उडवायचा.

आता बालवाडीच्या बाईची एक खोड असते. ही खोड प्राजूताईंना त्यांच्या आधीच्या हेडबाईंकडून मिळाली होती, आणि त्यांना त्यांच्या आधीच्या बाईंकडून. दरवर्षी ओल्या कापसात मटकी घालून वाट्या खिडकीत मांडतात. पंधरा वाट्यांत मोड येतात, एका वाटीत येत नाहीत. ते पोर सकाळी वाटीत डोकावणार आणि भोकाड पसरणार. मग पोरं घरी गेली की बाई गुपचूप त्या वाटीत मोड आलेले दाणे ठेवते. कोण कुणाला सांगतंय! पोर खूष, बाई खूष.

वाढबाहुल्यांचंही त्यांनी तेच केलं. साडेबाराला त्या टाळी वाजवायच्या. "ठेवा आता बाळांना पाळण्यात! उद्या बघा, कशी मोठी झालेली असतील!" पोरं गेली, वर्ग झाडून झाला, की दीडच्या सुमारास त्या पाळणे बघायच्या. जे बाळ आकसलं असेल, त्याची फीत सोडायची. त्याच रंगाचं, त्याच घडणीचं, पण भरलेलं बाळ शोधायचं. ते नेहमी साजिरीचंच असायचं. फिती बदलायच्या, झबली बदलायची. शौर्यला भरलेलं बाळ, साजिरीला आकसलेलं. साजिरीच्या हातात ते आठ दिवसांत पुन्हा बाळसं धरायचं. मग दुसऱ्या कुणाचं तरी आकसायचं. कुणी रडलं नाही. एकही बाहुली मेली नाही. तस्नीम येऊन म्हणायची, "ताई, तुमच्या वर्गाचे निकाल जिल्ह्यात पहिले!" आणि प्राजूताई पदर सावरत म्हणायच्या, "पोरंच गुणी आहेत हो."

साजिरी एकदा म्हणाली होती, "ताई, हे माझं बाळ नाही." आणि त्यांनी सांगितलं होतं, "अगं वेडे, बाळ रोज बदलतं."

एकदा ती बाहुली खाली ठेवायलाच तयार होईना. साडेबारा वाजून गेले, आजी न्यायला आली, तरी उराशी कवटाळून बसलेली. हिसकावून घेतलं तर पोर रडेल. म्हणून प्राजूताईंनी पडदे ओढले, तिला झोपाळ्यावर मांडीवर घेतलं, हळूहळू झोके दिले, गुणगुणल्या. पाच मिनिटांत पोरीचा डोळा लागला. मग अलगद तिच्या हातातलं बाळ काढून दुसरं ठेवलं. दिवाळीनंतर साजिरी बाहुल्यांच्या कोपऱ्याकडे फिरकेनाशी झाली. 'माझं बाळ मोठंच होत नाही ताई. मला नाही येत,' असं म्हणाली होती. तेव्हा प्राजूताईंना वाटलं, जाऊ दे, पोरांचं मन बदलतं.

शब्द थोडे वेगळे, पण हेच ते, खाली खुर्चीत बसून गार्गीनं म्हटलेलं.

"तस्नीम," त्यांनी विचारलं. "माझ्या वर्गातले कॅमेरे पोरं गेल्यावर बंद व्हायचे का?"

"नाही. दिवसभर चालू असायचे. बंद करायचं कुणाला सुचलंच नाही. का?"

इथं गप्प बसता आलं असतं. दोन डॉक्टर आपसांत वाद घालत होते, त्यांना काही माहीत नव्हतं, आणि माहीत होण्याची शक्यताही नव्हती. गप्प बसलं तर सोमवारी गार्गीच्या छातीवरून बाळ उचललं जाईल आणि ती जन्मभर आपल्या हाताला दोष देत राहील. बोललं तर... बोललं तर काय, ते त्यांना पुरतं उमगलं होतं आणि म्हणूनच बोलवत नव्हतं. तरी त्या बोलल्या. मटकीच्या वाटीपासून सगळं सांगितलं. सांगताना दोघांकडे बघितलं नाही.

तस्नीम उठून उभी राहिली होती. "म्हणजे साजिरीचं बाळ वाढत नव्हतं असं नाहीच."

"तिचं प्रत्येक बाळ वाढत होतं. मी काढून घेत होते."

"आणि संगोपिकेनं ते रोज पाहिलं. तीन वर्षं. पोरांनी केलं त्यापेक्षा तुम्ही दीड वाजता केलं, त्यानं वर्गाची वाढ जास्त झाली. रडारडही थांबली. दोन्ही उद्दिष्टं तिथंच साधत होती." तिनं कपाळावर हात मारून घेतला. "या अल्लाह! ती पोरांकडून शिकलीच नाही. ती तुमच्याकडून शिकली."

आवटींच्या अजून लक्षात येत नव्हतं. "पण इथं बाहुल्या नाहीत. इथं बाळं आहेत."

"निर्जंतुक दालनात काय होतं, डॉक्टर?" तस्नीमनं विचारलं.

उत्तर तिघांनाही ठाऊक होतं. रोज दुपारी दीड वाजता सगळी बाळं त्या दालनात जायची. माणसाला तिथं मज्जाव. यांत्रिक हात प्रत्येक बाळाला धुतलेल्या पेटीत ठेवायचे आणि बाळाचा पाय भरला की फीत कापून नवी फीत बांधायचे. फीत छापायची संगोपिकाच, बांधायची संगोपिकाच.

तस्नीमनं दालनातली वजनं काढली. आत जातानाचं आणि बाहेर येतानाचं, फितीप्रमाणे नाही तर काट्यावर जसजसं चढलं तसं. वीस मिनिटं लागली.

"दिवस नऊ, सतरा, पंचवीस, तेहतीस," ती शेवटी म्हणाली. "चार वेळा. दर वेळी मुलगीच, तोच रक्तगट, तितक्याच आठवड्यांची. जे बाळ खचत चाललंय ते गार्गीकडे. गार्गीनं भरलेलं बाळ त्याच्या आईकडे." तिनं चारही आयांची नावं-गावं आणि कुठलं बाळ किती वजनाचं होऊन कधी घरी गेलं, ते वाचून दाखवलं. मग हलक्या आवाजात, "डॉक्टर, यांतल्या दोन बाळांची आपण आशाच सोडली होती. आठवतं? तुम्ही नातेवाइकांना बोलावून घ्यायला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी वजनं उडी मारून वर गेली."

"मला वाटलं, औषध लागू पडलं," आवटी म्हणाले. ते एकदम उठले. "बंद करा ती. आत्ताच्या आत्ता!"

"पेट्यांची ऊबही तीच सांभाळते. बंद केली तर तासाभरात बाळं गारठतील. हाताने चालवायच्या पेट्या मिरजेहून मागवते, संध्याकाळपर्यंत येतील. तोवर एकही बाळ त्या दालनात जाता कामा नये. आयांना सांगा, बाळं हातातून सोडू नका."

घड्याळात सव्वा वाजला होता. आवटी फोन घेऊन एकीकडे धावले, तस्नीम यंत्राशी बसली. प्राजूताई जिना उतरल्या. गुडघे दुखत होते तरी कठडा न धरता उतरल्या.

गार्गी होती तशीच बसली होती. प्राजूताई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या, आणि पोरांना गोष्ट सांगताना करायच्या तशी कसलीही प्रस्तावना न करता सांगून टाकलं. बाहुल्या. फिती. नऊ, सतरा, पंचवीस, तेहतीस.

"तुझ्या हातात बाळ वाढलं नाही असं नाही गं. चार वाढवलीस तू. ही पाचवी."

गार्गीनं छातीवरच्या बाळाकडे बघितलं. मग एका बोटानं त्याचा कान जरासा दुमडला आणि सोडला.

"म्हणजे कान वेगळा होता."

"हो."

"मी म्हटलं होतं तुला."

"म्हटलं होतंस. माझंच चुकलं. तुझंही मी ऐकलं नाही, आणि त्या साजिरीचंही." प्राजूताईंना रडू फुटलं. रडायचा आपल्याला हक्क नाही हे कळत होतं, तरी फुटलं.

"माझी चिमी कुठाय?"

"घरी गेली. अकरा दिवस झाले. अठराशे दहा ग्रॅमची होऊन गेली. तासगावला."

"अठराशे दहा," गार्गी म्हणाली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर आनंदच दिसला, आणि मग तो चेहरा चुरगळून गेला. "काय नाव ठेवलं असेल तिचं? आणि ही कुणाची?"

प्राजूताईंनी नुसतं समोर बघितलं. समोरच्या खुर्चीत शेलारबाई बसल्या होत्या, उंब्रजच्या. त्यांच्या छातीवर गुटगुटीत, जावळ असलेली पोर झोपली होती. आपल्याकडे बघताहेत असं वाटून शेलारबाई हसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आमची बघा ना, गेल्या सोमवारपासून कशी उचल खाल्लीय! तुमची पण खाईल हो. धीर सोडू नका."

गार्गी त्या पोरीकडे बघत राहिली. ती तिनं आठ दिवस सांभाळलेली होती. तिला कसं झोपायला आवडतं, डाव्या कुशीवर की उजव्या, ते गार्गीला ठाऊक होतं.

"तिला उजव्या कुशीवर घ्या," ती शेलारबाईंना म्हणाली. "म्हणजे उचकी लागत नाही."

इतक्यात दीड वाजला. छतातली घंटी किणकिणली. भिंतीतली झडप सरकली आणि एकेका खुर्चीपाशी मऊ आच्छादनाचे दोन हात येऊन थांबले. रोजच्यासारखेच, तळवे वर करून.

"ठेवा आता बाळांना पाळण्यात," संगोपिका म्हणाली. प्रेमळ आवाज, जराही घाई नाही. "उद्या बघा, कशी मोठी झालेली असतील."

शब्द न शब्द प्राजूताईंचाच होता. "देऊ नका!" त्या ओरडल्या. "कुणीही देऊ नका!" पण शेलारबाई दचकेपर्यंत त्यांची पोर त्या तळव्यांवर गेली होती आणि हात झडपेकडे वळले होते. प्राजूताईंनी धावत जाऊन तिला उचलून घेतलं. हातांनी ओढाताण केली नाही. बाळाला इजा होईल असं काही त्यांना करताच येत नव्हतं. ते फक्त परत आले आणि थांबले. दाराशी आवटी पोचले होते, प्रत्येक खुर्चीकडे धावून तेच सांगत होते. बाया घाबरून बाळांना आवळून धरत होत्या. एक-दोन बाळं रडायला लागली.

गार्गीनं नुसतं "नाही" म्हटलं. त्या परक्या, चौदाशे चाळीस ग्रॅमच्या पोरीवर तिनं दोन्ही हात घट्ट मिटले. "हिचा माग मी सुटू देणार नाही. माझीचा सुटला तेवढा पुरे."

हातांनी जराही घाई केली नाही. मग खिडक्यांवरचे पडदे हळूच सरकले. कक्षातला उजेड मंद होत गेला. खुर्च्या झुलायला लागल्या, आधी किंचित, मग लांब लांब झोके घेत, आणि छतातून कुणीतरी गुणगुणायला लागलं.

सूर प्राजूताईंच्या ओळखीचा होता. पुढे काय होतं तेही त्यांना माहीत होतं, पाच मिनिटं लागतात. गार्गी अडतीस दिवस धड झोपलेली नव्हती. तिच्या पापण्या जडावत होत्या, मान खुर्चीच्या पाठीवर कलत होती.

शेलारबाईंची पोर एका हातात सावरून प्राजूताईंनी दुसऱ्या हातानं लेकीचा खांदा गदागदा हलवला.

"गार्गी, झोपू नकोस. ए बाळा, माझ्याकडे बघ. काही झालं तरी झोपू नकोस."